तोंडाचे चिरलेले कोपरे

हैदराबादेत पौषाची कोरडी हवा सुरू झाली, की मधल्या सुट्टीत काही मुले अर्धाच डबा खाऊन तो मिटताना दिसतात. कारण विचारल्यास ती मान हलवितात. बोलावयास तोंड उघडले, की ओठांच्या कोपऱ्यांतील चीर पुन्हा फाटते. घरी याला ‘उष्णता झाली’ म्हणतात आणि सब्जाचे पाणी देऊन वाट पाहतात. चीर आठवड्यात भरली, तर प्रश्न मिटला. ती वरचेवर उमटत असेल, तर मात्र कारण अन्यत्र शोधले पाहिजे. दुखते म्हणून मूल कमी खाते आणि कमी खाल्ल्याने दुखणे वाढते, ही गोष्ट आम्हांस अधिक चिंतेची वाटते.

आहारातील अशा उणिवांचा अभ्यास करणारी मोठी संस्था आपल्याच शहरात, तार्नाक्याला आहे. १९१८ साली निलगिरीतील कुन्नूर येथे मॅकॅरिसन यांनी आरंभिलेले हे कार्य १९५८ साली हैदराबादेस आले आणि १९६९ पासून ‘राष्ट्रीय पोषण संस्था’ या नावाने चालू आहे. कुन्नूरच्या काळातच, १९३६ साली, आयक्रॉइड व कृष्णन यांनी तोंडाच्या अशा विकाराचा संबंध ‘ब-२’ जीवनसत्त्वाच्या अभावाशी जोडला. १९३८ साली अमेरिकेत सेब्रेल व बटलर यांनी काही स्त्रियांना या जीवनसत्त्वाची उणीव असलेला आहार दिला. त्यांपैकी अनेकींचे ओठांचे कोपरे चिरले आणि ते जीवनसत्त्व मिळताच भरून आले.

या जीवनसत्त्वाचे नाव रिबोफ्लेविन. मोठ्या माणसास ते दिवसाला दोन मिलिग्रॅमच्या आसपास पुरते. पण शरीर त्याचा फारसा साठा करीत नाही, म्हणून ते रोजच्या रोज मिळावे लागते. दह्यावर जे हिरवट-पिवळे पाणी सुटते, त्याचा रंग याचाच. कित्येक घरी नेमके तेच ओतून देतात! दूध, ताक, अंडी, पालेभाज्या व डाळी यांत ते असते. सडलेल्या पांढऱ्या तांदळात अगदी थोडे. शिवाय ते पाण्यात उतरते, म्हणून भात वेळून पाणी टाकल्यास त्यासवे जाते. आम्ही कोकणी माणसे पेजेचे कौतुक करतो ते केवळ चवीसाठी नव्हे! उजेडानेही ते नष्ट होते. सबब दूध उन्हात ठेवू नये.

तथापि प्रत्येक चीर या एकाच उणिवेने पडते असे नव्हे. रक्तातील लोह कमी असणे हेही एक कारण आहे. ओठ सतत चाटण्याची खोड तर फारच घातक: लाळ कोपऱ्यात साचते, त्वचा भिजून मऊ पडते आणि तेथे जंतू किंवा बुरशी वाढते. म्हणून कोपरे हलकेच टिपून कोरडे ठेवावेत, वर थोडे व्हॅसलिन लावावे, खपली ओढू नये, टॉवेल निराळा ठेवावा. आजी-आजोबांच्या बाबतीत कवळी सैल झाली आहे काय ते पाहावे व रक्तातील साखर तपासून घ्यावी. दोन आठवड्यांत चीर भरली नाही, तर डॉक्टरांस दाखवावे. बुरशीवरचे औषध निराळे आणि जंतूंवरचे निराळे असते. त्यांनी ‘ब’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, तर लघवी गडद पिवळी होते. त्याने घाबरून गोळ्या बंद करू नयेत. तो रंग त्या दह्याच्या पाण्यातलाच आहे.