साथीच्या दिवसांतील दवाखाने

साथ म्हणजे डॉक्टरांची पर्वणी, अशी एक समजूत लोकांत रूढ आहे. रोगी वाढले कीं फी वाढावयाचीच, असा हा सरळ हिशेब. परंतु २०२० सालीं कोविडच्या साथींत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जें घडलें, तें पाहिलें असतां हा हिशेब किती फसवा आहे, हें कळून येतें. तीच हकीकत आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

त्या देशांत पुष्कळ डॉक्टरांचे स्वतःचे दवाखाने आहेत. जितके रोगी तपासावे तितकी मिळकत, असा त्यांपैकीं बहुतेकांचा व्यवहार. १८ मार्च २०२० रोजीं सरकारनें तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया व दांतांचीं कामें लांबणीवर टाकण्याची शिफारस केली. कारण खाटा व संरक्षक साहित्य साथीच्या रोग्यांसाठीं राखणें अवश्य होतें. शिवाय संसर्गाच्या भयानें लोकही दवाखान्याची पायरी चढेनात. अत्यवस्थ रोगी मोठ्या इस्पितळांत गेले आणि लहान दवाखान्यांचीं बांकें ओस पडलीं.

मिळकत थांबली, तरी खर्च थांबत नाहीं. जागेचें भाडें, कर्जाचे हप्ते, परिचारिका व कारकून यांचे पगार हीं देणीं महिन्याच्या महिन्यास दारांत उभींच असतात. त्यांत मुखपट्ट्या व हातमोजे यांच्या खर्चाची भर पडली. परिणामीं, एकट्या एप्रिल महिन्यांत तेथील आरोग्यसेवेंतील सुमारें १४ लक्ष नोकऱ्या कमी झाल्या. त्यांत दंतवैद्यांकडील सुमारें ५ लक्ष व इतर डॉक्टरांच्या दवाखान्यांतील सुमारें २ लक्ष ४३ हजार होत्या. ज्या हातांनीं रोग्यांची शुश्रूषा करावयाची, तेच हात ऐन साथींत रिकामे झाले!

सरकार स्वस्थ बसलें नाहीं. २७ मार्चच्या कायद्यानें आरोग्यसंस्थांसाठीं १०० अब्ज डॉलर मंजूर झाले. लहान धंद्यांस कर्जें मिळालीं. तीं मुख्यतः पगारांत खर्चिल्यास माफ होण्याची सोय होती. दृक्श्राव्य यंत्रावरून दिलेल्या सल्ल्यासही वृद्धांच्या सरकारी विम्यांतून प्रत्यक्ष भेटीइतकेच पैसे मिळूं लागले.

तरीही त्या वसंतांत मुलांचें नेहमींचें लसीकरण मागें पडलें. एक साथ आली म्हणून इतर रोग वाट पाहत थांबत नाहींत. यास्तव दवाखाना तगणें हें केवळ डॉक्टरांचें हित नव्हे, तें गांवाचें हित होय. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षां असलेली विहीर बुजूं न देणें शहाणपणाचें, हें आमचे विद्यार्थी व त्यांचे पालक सहज मान्य करतील.