महात्मा जोतिबा फुले मंडई, मुंबई

हा लेख मुंबईतील मंडईविषयी आहे. पुण्यातील त्याच नावाची मंडई, म्हणजे पूर्वीचे रे मार्केट, ही वेगळी वास्तू आहे.

महात्मा जोतिबा फुले मंडई, जुन्या व आजही अधिक प्रचलित नावाने क्रॉफर्ड मार्केट, ही दक्षिण मुंबईतील बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या मालकीची बाजारपेठ आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या उत्तरेस, मुंबई पोलीस आयुक्तालयासमोर ती उभी आहे. १८६९ साली पूर्ण झालेली ही इमारत मुंबईच्या वारसा यादीत पहिल्या श्रेणीत मोडते. फळे, सुकामेवा, मसाले, किराणा, मांस-मासळी, घरगुती वस्तू आणि पाळीव प्राणी यांची विक्री येथे होते. मंडईचे जतन व पुनर्विकास हा गेली अनेक वर्षे सार्वजनिक वादाचा विषय राहिला आहे.

पार्श्वभूमी

१८६०च्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या काळात मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडण्यात आले आणि कोट व 'नेटिव टाउन' यांमधील मोकळी जमीन बांधकामासाठी उपलब्ध झाली. कोटातील जुना बाजार अरुंद, दमट व अस्वच्छ होता. शहरातील रोगराईचा संबंध अशा बाजारांशी आणि कत्तलखान्यांशी जोडला जात असे. १८६५च्या कायद्याने निर्माण झालेल्या महापालिका आयुक्तपदावर आर्थर क्रॉफर्ड यांची नेमणूक झाली. त्यांनी कत्तलखाना वांद्र्यास हलवला आणि बाजारासाठी नवी, हवेशीर इमारत उभारण्याचे काम हाती घेतले.

क्रॉफर्ड कर्तबगार होते, पण खर्चाच्या बाबतीत सैल होते. कापसाच्या तेजीनंतर मुंबई आर्थिक संकटात असतानाही त्यांनी कामांचा धडाका चालू ठेवला. त्यातून करदात्यांचा असंतोष वाढला आणि १८७२च्या महापालिका कायद्याची पार्श्वभूमी तयार झाली. पुढे ते पुण्यास मध्य विभागाचे आयुक्त असताना, १८८८ साली, मामलतदारांकडून पैसे घेतल्याच्या आरोपावरून त्यांची चौकशी झाली व त्यांची सरकारी नोकरी संपुष्टात आली. 'क्रॉफर्ड प्रकरण' म्हणून ते ओळखले जाते. साक्ष देणाऱ्या मामलतदारांची बाजू लोकमान्य टिळकांनी लावून धरली होती. ज्या अधिकाऱ्याचे नाव महाराष्ट्रात लाचखोरीच्या खटल्याशी जोडले गेले, त्याचेच नाव मुंबईकरांच्या तोंडी भाजीबाजाराचे नाव म्हणून टिकले, हे थोडे विचित्रच आहे.

नामांतर

स्वातंत्र्योत्तर काळात मंडईला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. पुण्याच्या मंडईलाही फुले यांचेच नाव आहे. तिच्या बाबतीत नामकरणाला एक वेगळा अर्थ आहे, कारण पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना फुले यांनी त्या मंडईवरील खर्चास विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबईच्या मंडईशी त्यांचा असा थेट संबंध आढळत नाही.

वास्तुरचना

इमारतीचा आराखडा ब्रिटिश वास्तुविशारद विल्यम इमर्सन यांनी केला. ते विल्यम बर्जेस यांचे शिष्य होते आणि पुढे कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलचे वास्तुकार म्हणून प्रसिद्ध झाले. बाह्य स्वरूपात नॉर्मन व फ्लेमिश शैलींचे मिश्रण दिसते. मधल्या भागावर सुमारे १२८ फूट उंचीचा घड्याळाचा मनोरा आहे आणि दोन्ही बाजूंना लोखंडी खांबांवर पेललेल्या छपरांचे लांब कक्ष आहेत. सुमारे १५ मीटर उंचीवरील प्रकाशझरोक्यांतून उजेड आत येतो व गरम हवा वर निघून जाते. वीज नसलेल्या काळात दिवसभर बाजार चालवण्यासाठी ही रचना आवश्यकच होती. १८८२ साली येथे विजेचे दिवे बसवण्यात आले. विजेने उजळलेली भारतातील पहिली इमारत असा तिचा उल्लेख नेहमी केला जातो. मात्र विजेच्या दिव्यांचे प्रात्यक्षिक कलकत्त्यात १८७९ सालीच झाले होते.

भिंतींसाठी कुर्ल्याच्या खाणीतील पिवळसर दगड आणि वसईचा तांबडा दगड वापरला आहे. मुंबईबाहेरून येणाऱ्या वाचकाने प्रवेशद्वाराच्या कमानींकडे पाहताना दगडांचा हा रंगभेद लक्षात घ्यावा. त्यावर अन्य कोणताही रंग देण्याची गरज मूळ रचनाकारांना वाटली नव्हती.

प्रवेशद्वारांवरील शिल्पपट्ट लॉकवूड किपलिंग यांचे आहेत. ते रस्त्यापलीकडील सर जे. जे. कला विद्यालयात शिक्षक होते आणि लेखक रुडयार्ड किपलिंग यांचे वडील होत. या पट्टांत भारतीय शेतकरी दाखवले आहेत. बाजारात रोज माल आणणाऱ्या माणसालाच दर्शनी भागावर स्थान मिळाले, ही गोष्ट वासाहतिक मुंबईच्या इमारतींत विरळ आहे. आतील दगडी कारंजेही किपलिंग यांच्या नावाशी निगडित असून त्यावर पशुपक्ष्यांच्या आकृती कोरलेल्या आहेत. रुडयार्ड यांनी आपल्या आत्मकथनात आयाबरोबर मुंबईच्या फळबाजारात केलेल्या फेऱ्यांची आठवण नोंदवली आहे. दानशूर पारशी व्यापारी कावसजी जहांगीर रेडीमनी यांचे नाव या वास्तूशी देणगीदार म्हणून जोडले जाते.

घाऊक बाजार ते किरकोळ बाजार

मार्च १९९६ पर्यंत मुंबईचा फळांचा मुख्य घाऊक बाजार येथेच होता. त्यानंतर घाऊक व्यापार नवी मुंबईतील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात हलवण्यात आला. पहाटेची मालमोटारींची गर्दी त्यामुळे कमी झाली. पण मंडईचे स्वरूपही बदलले. हमाल, दलाल व आडते यांच्या जोरावर चालणारी पेठ किरकोळ ग्राहकांवर आणि परदेशी चॉकलेटे, सुकामेवा, केक बनवण्याचे साहित्य, सौंदर्यप्रसाधने यांच्या विक्रीवर अवलंबून राहू लागली. मंडईच्या आजच्या अनेक अडचणींचे मूळ या स्थलांतरात शोधावे लागते, कारण पुनर्विकासाच्या चर्चेत 'बाजार' म्हणून नक्की काय जपायचे, हा प्रश्न तेव्हापासून अनुत्तरित आहे.

पालघर जिल्ह्याशी संबंध

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला, परंतु या किनाऱ्याचे मुंबईच्या बाजारांशी नाते बरेच जुने आहे. वसईचा दगड इमारतीत आहेच. शिवाय वसईची केळी व भाजीपाला, डहाणू-घोलवडचा चिकू आणि सातपाटीचे पापलेट यांना मुंबई हीच हक्काची बाजारपेठ राहिली. घोलवडच्या चिकूला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी रेल्वेसेवा डहाणू रोडपर्यंत वाढल्यावर पालघर व बोईसर येथील रहिवाशांना लोकलने थेट चर्चगेटपर्यंत येणे शक्य झाले. पश्चिम मार्गावरून येणाऱ्यांसाठी मरीन लाइन्स हे सोयीचे स्थानक आहे. लग्नसराई व दिवाळीपूर्वी जिल्ह्यातील लहान दुकानदार माल भरण्यासाठी याच परिसरात येतात.

मासळीचा प्रश्न मात्र वादग्रस्त ठरला. जवळच्या पलटण रस्त्यावरील छत्रपती शिवाजी महाराज मंडईची इमारत धोकादायक ठरल्यावर तेथील मासळी विक्रेत्यांना अन्यत्र नेण्याच्या निर्णयाला कोळी समाजाने २०२१ साली तीव्र विरोध केला. ऐरोली नाक्याचा पर्याय त्यांनी नाकारला. मासळी रेल्वेने व टेम्पोने पहाटे येते आणि काही तासांत विकली जावी लागते. त्यामुळे बाजार दूर सरकला, तर पाटी घेऊन फिरणाऱ्या कोळणीचा दिवसच बुडतो, हे त्या विरोधामागचे साधे गणित होते.

जतन व पुनर्विकास

दीडशे वर्षांच्या वापरात मूळ इमारतीभोवती पत्र्याच्या शेड, पोटमाळे आणि वाढीव गाळे उभे राहिले. कारंजे दुकानांच्या गर्दीत झाकले गेले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात खासगी विकसकामार्फत संपूर्ण आवाराचा पुनर्विकास करण्याची योजना पुढे आली. मूळ वास्तू राखून मागील जमिनीवर मोठे बांधकाम करण्याची ती कल्पना होती. वारसाप्रेमी नागरिक व संवर्धनतज्ज्ञ यांनी तिला विरोध केला. महापालिकेची मोक्याची जमीन खासगी हाती जाईल, उंच इमारतींपुढे मनोरा खुजा दिसेल आणि गाळेधारकांना पुन्हा जागा मिळेलच याची शाश्वती नाही, असे आक्षेप होते. ती योजना मागे पडली व महापालिकेने स्वतःच टप्प्याटप्प्याने काम करण्याचे ठरवले. मूळ दगडी इमारतीचे संवर्धन आणि मागील आवारातील वारसा दर्जा नसलेल्या बांधकामांच्या जागी नव्या इमारती, असे त्या कामाचे दोन भाग आहेत.

संवर्धनाचे काम नव्या बांधकामापेक्षा सावकाश चालते. जुन्या दगडी भिंतींच्या सांध्यांत चुना असतो. तेथे सिमेंट भरल्यास ओल बाहेर पडू शकत नाही आणि दगडच झिजू लागतो. म्हणून आधीच्या दुरुस्त्यांतील सिमेंट खरवडून पुन्हा चुना भरावा लागतो. शिल्पांवरील रंगाचे थरही हलक्या हाताने काढावे लागतात. हे सर्व बाजार चालू ठेवून करायचे असल्याने गाळेधारकांना एका कक्षातून दुसऱ्या कक्षात हलवणे हा तांत्रिक कामाइतकाच अवघड भाग ठरतो.

परिसर

मंडईलगत मंगलदास मार्केट (कापड), लोहार चाळ (विजेचे साहित्य), अब्दुल रहमान स्ट्रीट (लेखनसाहित्य) आणि झवेरी बाजार (दागिने) आहेत. समोरील बादशाह हे शीतपेयगृह फालुद्यासाठी प्रसिद्ध आहे. एप्रिल-मे महिन्यांत देवगड व रत्नागिरीच्या हापूसच्या पेट्या हे मंडईचे मुख्य आकर्षण असते; गवत बाजूला सारून आंबा हुंगून घेण्याची मुभा येथील बहुतेक विक्रेते देतात. पाळीव प्राण्यांच्या विभागात वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी असलेले पोपटासारखे देशी पक्षी विकले जात असल्याच्या तक्रारी वेळोवेळी झाल्या आहेत. या कायद्यानुसार असे पक्षी विकत घेणाराही दोषी ठरतो.