हत्तीच्या मागे दोन दिवस

दोस्तांनो, वाढदिवस म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? फुगे, केक, कागदी टोप्या, आणि निघताना दारात मिळणारी ती पिशवी, म्हणजे रिटर्न गिफ्ट! डोंबिवलीला आमच्या घरीही गेल्या वर्षापर्यंत हेच चालायचं. सोसायटीचा हॉल तीन तासांसाठी घ्यायचा, तीसेक मुलं गोळा करायची, मोठ्ठ्यानं गाणी लावायची. दुसऱ्या दिवशी कान बधिर आणि पाकीट रिकामं!

गेल्या वर्षी त्या गर्दीत लेकीची अगदी जवळची मैत्रीण आली नाही. सोमवारी विचारलं तर म्हणाली, “पोट दुखत होतं.” आम्ही विश्वास ठेवला. पुढे दिवाळीच्या सुट्टीत दोघींचं कशावरून तरी भांडण झालं, आणि त्या भांडणात खरं बाहेर पडलं. द्यायला काही नव्हतं म्हणून ती आली नव्हती. हॉलच्या फाटकापर्यंत येऊन परत गेली होती.

मला काय वाटलं असेल सांगा! ही मुलगी चौथीपर्यंत माझ्याच शाळेत होती. कोण घरून न खाता आलंय, ते मी चेहऱ्यावरून ओळखते, असा माझा तोरा. आणि माझ्याच घरच्या समारंभात मला पत्ता नाही.

यंदा फेब्रुवारीत लेकीला अकरा वर्षं पूर्ण होणार होती. तिनं जाहीर केलं, “हॉल नको. चौघीच जणी दोन दिवस मुंबईला जाऊ, गिरगावात मावशीकडे राहू. आणि भेटवस्तू कुणीही आणायची नाही.” तिच्या बाबांनी हॉलचे पैसे वाचले म्हणून एवढा मोठा उसासा टाकला की काय सांगू! (बाकीच्या मुलींची नावं मी सांगत नाही हं. त्या हे पान वाचणार आहेत, आणि मला त्यांच्यासमोर पुन्हा उभं राहायचं आहे.)

निघायच्या आदल्या रात्री त्या मैत्रिणीची आई दारात आली. पदराच्या गाठीतून शंभराची नोट काढली. “बाई, हे ठेवा. पोरीचं खाणंपिणं, गाडीभाडं.” मी लगेच “अहो, कशाला!” म्हणून तिचा हात मागे सारला. तिचा चेहरा एकदम उतरला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी नोट घेतली, आणि तिच्यासमोरच उरलेल्या दोन घरी फोन केले, की प्रत्येकीनं शंभर रुपये आणायचे. लेकीचेही शंभर आम्ही वेगळे काढले. हिशेबाची वही चष्मेवालीकडे दिली, कारण ती गणितात पक्की आहे आणि चिक्कूही आहे.

शनिवारी सकाळी औक्षण झालं. कणकेचे अकरा दिवे लावले होते. ते फुंकून विझवायचे नसतात, त्यामुळे निघताना एकेका दिव्याकडे बघत “विझ ना रे बाबा” असं चाललं होतं!

भायखळ्याला उतरलो आणि चालत राणीच्या बागेत गेलो. तिचं आताचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. बुधवारी बाग बंद असते, हे लक्षात ठेवा. सगळ्यांना घाई होती पेंग्विनची. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून आले, आणि २०१७ पासून लोकांना बघायला मिळू लागले. पण ते मूळचे बर्फातले नाहीतच! दक्षिण अमेरिकेत पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर राहणारे आहेत. बर्फ नाही म्हटल्यावर लांब वेणीवालीचा जरा हिरमोडच झाला.

खरी गंमत पुढेच होती. तिथल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात एक काळा दगडी हत्ती उभा आहे. लोक त्याच्याजवळ उभे राहून फोटो काढतात आणि पुढे जातात. पण जवळून पाहिलंत तर अंगावर सांधे दिसतात, फुटलेला माठ जोडावा तसे!

त्याची गोष्ट अशी. सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोक मुंबईजवळच्या घारापुरी बेटावर आले, तेव्हा हा हत्ती तिथे उभा होता. त्याच्यावरूनच त्यांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हणायला सुरुवात केली. १८१४ मध्ये त्याची मान आणि डोकं गळून पडलं. पुढे १८६४ मध्ये काही इंग्रजांच्या मनात आलं, की हा हत्ती उचलून थेट इंग्लंडला न्यायचा. क्रेननं उचलायला गेले, साखळी तुटली, आणि हत्ती धाडकन खाली. तुकडे तुकडे! मग ते तुकडे या बागेत आणून ठेवले. ते जुळवून हत्ती पुन्हा उभा राहिला तो १९१४ मध्ये. म्हणजे मध्ये पन्नास वर्षं गेली.

“म्हणजे १९१४ हे याचं दुसरं जन्मसाल,” चष्मेवालीनं हिशेब मांडला.

आतापर्यंत गप्प असलेली ती मैत्रीण हळूच म्हणाली, “बाई, याचं घर माझ्या आजोळासमोर आहे.”

तिचं आजोळ उरणजवळ मोरा बंदराला. तिथून घारापुरी समोर दिसतं. “आमच्याकडे एलिफंटा कुणी म्हणत नाही, घारापुरीच,” ती म्हणाली. झालं! रविवारी वस्तुसंग्रहालय बघायचा माझा बेत तिथल्या तिथे रद्द. चौघींनी ठराव केला, की उद्या हत्तीच्या घरी जायचं. मी सगळ्या आयांना फोन लावले. समुद्र म्हटल्यावर दोघी जरा चाचरल्या, पण ‘हो’ म्हणाल्या. तिसरी म्हणाली, “माझ्या पोरीला पाण्याची सवय आहे. तीच तुम्हाला सांभाळेल.”

दुपारी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो. तुम्ही हे स्थानक शंभरदा पाहिलं असेल, पण धावत धावत! आम्ही रस्त्यापलीकडे उभं राहून प्राणी शोधायचा खेळ खेळलो. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ आहे. सिंह इंग्लंडचा आणि वाघ आपला. भिंतींवर मोर, माकडं आणि कितीतरी पानंफुलं आहेत. इमारतीचा आराखडा स्टीव्हन्स या इंग्रजाचा, पण कोरीवकामाला हात लागले ते मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांचे. १८८८ मध्ये ती पूर्ण झाली आणि २००४ मध्ये जागतिक वारसा ठरली. वेणीवालीला सर्वांत जास्त प्राणी सापडले, पण त्यातली निम्मी खरी कबुतरं होती!

संध्याकाळी गिरगाव चौपाटी. भेळ. त्याबद्दल काय लिहायचं? रात्री मावशीच्या चाळीत गॅलरीत गाद्या टाकल्या, पण झोप कुणाला? शेजारच्या आजींनी दोनदा दार उघडून “अगं पोरींनो!” केलं आणि तिसऱ्यांदा चिवडा आणून दिला.

रविवारी सकाळी गेटवेला गेलो. १९११ मध्ये इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज इथे उतरला, त्याच्या आठवणीसाठी हे द्वार बांधलं. पण राजा आला तेव्हा द्वार कुठे होतं? नुसता पुठ्ठ्याचा देखावा! दगडी द्वार लोकांसाठी खुलं झालं ४ डिसेंबर १९२४ ला. आणि १९४८ मध्ये शेवटचं इंग्रज सैन्य याच द्वारातून परत गेलं.

आम्ही लाइफ जॅकेट घालून लाँचमध्ये बसलो. प्रवास तासाभराचा. पाऊण तास होतो न होतो, तोच “मला काही होत नाही” म्हणणाऱ्या वेणीवालीचा चेहरा पांढराफटक पडला. मी नुसती पिशवी शोधतेय. पण ती मोऱ्याची पाहुणी उठली, तिला लाँचच्या मधोमध नेऊन बसवलं, तोंडात आवळासुपारी घातली आणि म्हणाली, “खाली पाण्याकडे बघू नकोस. लांब त्या डोंगराकडे बघ.” पाच मिनिटांत वेणीवाली पुन्हा बडबडायला लागली. मग ओहोटी कशी ओळखायची, चिखलात कोणते पक्षी उतरतात, हे ती मुलगी सांगत राहिली. एवढं बोलताना मी तिला चार वर्षांत वर्गात ऐकलं नव्हतं. वर्गात हा विषय मी कधी काढलाच नव्हता ना!

बेटावर पायऱ्या चढताना माकडांनी आमची वाढदिवसाची नानकटाई पळवली. मावशीनं प्रेमानं बांधून दिलेला अख्खा पुडा! एकानं झाडावर बसून कागद सोडला, दुसऱ्यानं वाटप केलं. आमच्या कन्येला रडावं की हसावं कळेना.

पण लेण्यात पाऊल टाकलं आणि सगळ्या गप्प झाल्या. डोंगर आतून कोरून काढलाय, खांबसुद्धा त्याच दगडाचे. समोर अंधारात शिवाची तीन मुखांची मूर्ती आहे. तीन मोठी माणसं एकावर एक उभी राहतील एवढी उंच. डोळे मिटलेले. हे काम साधारण सहाव्या शतकातलं मानतात. शेजारी अर्धनारीश्वर, गंगाधर, नटराज; पण कुणाचे हात तुटलेले, कुणाचे पाय. “यांना कुणी जोडलं नाही?” लेकीनं विचारलं. तिच्या डोक्यात हत्तीच होता.

हत्तीची मूळ जागा बेटाच्या दक्षिण अंगाला. तिथवर जायचं त्राण कुणाच्या पायांत नव्हतं. वाटेत कणसं विकणाऱ्या एका मावशींशी मात्र आमची गट्टी जमली. बेटावर तीन छोटी गावं आहेत. २०१८ मध्ये समुद्राखालून केबल टाकून वीज आली. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटरचा दिवा, तेवढ्यात मुलांचा अभ्यास. “पोरांचा अभ्यास तेव्हाच बरा व्हायचा,” मावशी म्हणाल्या. “आता टीव्ही आला!”

रात्री डोंबिवलीला पोचलो, तेव्हा स्टेशनवर आया घ्यायला आल्या होत्या. चष्मेवालीनं दिव्याखाली वही उघडली. लाँचचा खर्च हॉलच्या वाचलेल्या पैशांतून केला होता. बाकीचं वजा जाता प्रत्येकीचे नऊ रुपये उरले होते. तिनं ते चारही घरांना मोजून दिले. मैत्रिणीच्या आईनं स्वतः पुन्हा मोजले, पदराला बांधले आणि मला म्हणाली, “बाई, एप्रिलात हिचा वाढदिवस. तुमच्या लेकीला दोन दिवस मोऱ्याला धाडा. तुम्ही आलात तरी चालेल.”