विद्यार्थ्यांचें चित्रगीत आणि त्याची जाहिरात

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईस गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रपटगृहांत दाखविण्यांत आला व पुढें तो सुरतेस गेला. त्या वेळची एक हकीकत चित्रपटाच्या इतिहासांत वारंवार सांगितली जाते. दोन आण्यांत सहा तास नाटक पाहण्याची संवय असलेले सुरतेचे प्रेक्षक या आटोपशीर खेळाकडे फिरकेनात. तेव्हां फाळक्यांनीं जाहिरातच पालटली. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचें चित्र, आणि दर अवघा तीन आणे! लोक लोटले. शाळेंतील मुलांना त्रैराशिकासाठीं याहून गमतीचें उदाहरण मिळणें कठीण. चित्रपटाच्या पट्टीवर एका फुटांत सोळा चित्रें बसतात. ५७,००० ला १६ नें भागिल्यास सुमारें ३,५६२ फूट येतात, आणि मैल तर ५,२८० फुटांचा. म्हणजे पाऊण मैलही भरत नाहीं. जाहिरातींतील पहिला आंकडा हिशेबांत बसतो, दुसरा जवळजवळ तिप्पट फुगलेला. सोबतचीं इतर लहान चित्रें त्यांत मोजलीं असतील तर गोष्ट निराळी.

ही हकीकत येथें आठविण्याचें कारण असें कीं, फाळक्यांनीं केलेलीं दोन्ही कामें आज शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी करूं लागले आहेत. ते खिशांतल्या मोबाईलवर एखाद्या गाण्याचें चित्रण करतात. त्यालाच म्यूझिक व्हिडिओ म्हणतात. मराठींत चित्रगीत म्हणावयास हरकत नाहीं. मग त्याच गाण्याचें भित्तिपत्रक, यूट्यूबवर प्रथम डोळ्यांपुढें येणारें दर्शनी चित्र, गीतसंग्रहाचें वेष्टन, हेंही सारें तेच तयार करतात. केंब्रिज विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय परीक्षामंडळाच्या माध्यमविषयक अभ्यासक्रमांत तर चित्रगीत, वेष्टन व समाजमाध्यमावरील पान असा संचच विद्यार्थ्यांकडून करवून घेण्यांत येतो, आणि हे सर्व भाग मिळून एकच ओळख कशी निर्माण करतात, हें त्यांना सांगावें लागतें. आपल्याकडे हें काम बहुधा स्नेहसंमेलनाच्या किंवा स्पर्धेच्या निमित्तानें होतें, आणि परीक्षकाच्या खुर्चीवर गणिताचे नाहीं तर मराठीचे शिक्षक बसतात. त्यांनीं स्वतः कधीं चित्रण केलेलें नसतें. अशा वेळीं चकचकीतपणाला गुण देऊन मोकळें होण्याचा मोह पडतो. ज्याच्या घरचा मोबाईल महाग, त्याचा पहिला क्रमांक, असा अन्याय त्यांतून सहज घडतो.

चित्र आणि जाहिरात यांची ओळख एक असावी म्हणजे काय, हें कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनीं फार पूर्वीं करून दाखविलें. ते मूळचे चित्रकार. १९२४ च्या 'कल्याण खजिना' या चित्रपटाचें भित्तिपत्रक त्यांनींच रंगविलें. पडद्यावरील दृश्य ठरविणारा डोळा आणि भिंतीवरील कागदावर फिरणारा कुंचला एकाच माणसाचा असल्यावर दोहोंचें नातें निराळें जुळवावें लागत नाहीं. त्यांच्याच हाताखालीं तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम प्रभृतींनीं १९२९ सालीं प्रभात कंपनी काढली. तुतारी फुंकणारी तिची स्त्री जुन्या पिढीच्या डोळ्यांपुढून अजून हललेली नाहीं. त्या काळीं चित्रपटगृहांत गीतपुस्तिका विकल्या जात. त्यांत थोडक्यांत कथानक व गाण्यांचे शब्द असत. प्रेक्षक ती पुस्तिका घरीं नेई आणि गाणीं पाठ करी. भित्तिपत्रक रस्त्यावरच्या माणसाला आंत आणी. पुस्तिका आंतल्या माणसाबरोबर बाहेर जाई. कामें निराळीं, घराणें एक. तेव्हां सगळीकडे तोच रंग व तींच अक्षरें वापरलीं म्हणजे ओळख साधली, असें समजूं नये. तसें केवळ गणवेषानें होतें.

आतां उदाहरणच घ्यावें. समजा, केळापूर तालुक्यांतील एका शाळेच्या नववीच्या पांच मुलामुलींनीं कापूसवेचणीवर चित्रगीत केलें. तालुक्याचें ठाणें पांढरकवडा. गांवाबाहेर पडावें तों दोहों बाजूंस पऱ्हाटी. विषय शोधावयास लांब जावयास नको. गाणें त्यांनींच रचलें, एकीनें गाइलें, आणि तिचीच आजी वेचणी करतांना पडद्यावर दिसते. भित्तिपत्रकावर मात्र त्यांनीं डरकाळी फोडणारा वाघ छापला आहे.

प्रथम चित्रगीत पाहूं. गाणें आधीं मुद्रित करतात, तें शेतांत वाजवितात आणि गाणारी मुलगी त्याबरोबर ओठ हलविते. आपल्याकडे दर सेकंदास पंचवीस चित्रें घेण्याची रूढि आहे. म्हणजे एका चित्राचा वेळ सेकंदाचा पंचविसावा भाग. ओठ तीन-चार चित्रें मागें पडले कीं कारण न सांगतां आलें तरी प्रेक्षकाला खटकतें. पुष्कळ मोबाईलचा हा वेग स्थिर राहत नाहीं. त्यामुळें एकाच लांब तुकड्यांत घेतलेलें गाणें आरंभीं तंतोतंत जुळतें आणि हळूहळू सुटत जातें. म्हणून अनुभवी परीक्षक आधीं शेवटचें कडवें पाहतो.

लयीचीही तीच गोष्ट. गाणें मिनिटास शंभर मात्रांचें असेल तर एक मात्रा पंधरा चित्रांची होते, आणि केरव्याच्या आठ मात्रांचें आवर्तन पांच सेकंदांस जरा कमी भरतें. विद्यार्थ्यांना दर मात्रेला चित्र बदलण्याची भारी हौस. बोंडांतून कापूस ओढणारीं आजीचीं बोटें डोळ्यांत भरतात न भरतात तोंच बैलगाडी, ती दिसते न दिसते तोंच आभाळ! चित्र समेवर बदललें म्हणजे कानाला व डोळ्याला एकदम विसांवा मिळतो. क्वचित् दोन आवर्तनें एकच चित्र धरून ठेवावें लागतें. हें मुलांना कळलें आहे कीं नाहीं, तें त्यांना एकच प्रश्न विचारून समजतें : हेंच चित्र येथें कां तोडलें? ज्याला उत्तर देतां येतें, त्याचा हात थोडा कच्चा असला तरी त्याला गुण द्यावेत.

प्रकाशाचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि त्यांत केवळ कौशल्य नाहीं. सकाळीं पऱ्हाटीवर दंव असतें. ओल्या कापसाला भाव कमी, म्हणून दंव उडाल्यावर वेचणी सुरू होते व भर उन्हांत चालते. त्या उन्हांत फुटलेलें पांढरें शेत समोर आलें कीं मोबाईलचें यंत्र साऱ्या चित्राची सरासरी काढून तें करडें करूं पाहतें आणि माणसांचे चेहरे काळवंडतात. चेहऱ्यावर बोट टेकून प्रकाश बांधून घेतला तर हें बरेंच सांवरतें. पण पुष्कळ मुलें तो त्रास टाळून पहांटेच्या सोनेरी प्रकाशांत चित्रण उरकतात. चित्र देखणें येतें यांत शंका नाहीं. मात्र शेतांत राबणारी कोणतीही बाई पाहतांक्षणींच म्हणेल कीं, या वेळेला कोणी वेचत नाहीं. गाणें स्वप्नाचें असेल तर ती पहांट शोभेल; कष्टांचें असेल तर तें सोंग झालें.

आणि वेचणीची मजुरी वजनावर मिळते. जितके किलो, तितके पैसे. दिग्दर्शक म्हणविणारा पोरगा "आजी, पुन्हां एकदां" म्हणाला कीं त्या माउलीची झोळी तेवढा वेळ रिकामी राहते. दहा-दहा मिनिटांचे चार 'पुन्हां एकदां' झाले म्हणजे चाळीस मिनिटांची मजुरी बुडाली. ती कोणी भरून दिली, हें परीक्षकानें विचारलेंच पाहिजे. मुलांनीं तिचें काम न थांबवितां चालतां-चालतां चित्र घेतलें असेल, किंवा दोघांनीं चित्र घेतलें आणि तिघांनीं वेचून तिच्या झोळींत टाकलें असेल, तर ती माहिती गुणपत्रिकेंत मांडण्याजोगी आहे. अशा मुलांचें चित्र हललेलें असलें तरी चालेल.

आतां तो वाघ. टिपेश्वर अभयारण्य याच भागांत आहे. तें १९९७ सालीं झालें. २०१९ सालीं तेथील गळ्यांत यंत्र बांधलेला एक तरुण वाघ तेलंगणाच्या बाजूनें फिरत फिरत थेट बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत जाऊन पोंचला, तेव्हां तर टिपेश्वरचें नांव दूरवर गेलें. साहजिकच या बाजूला ज्याला लोकांचें लक्ष वेधावयाचें, तो वाघ काढतो. परीक्षकाला प्रथमदर्शनीं वाटतें कीं हा सुरतेचा दुसरा मैल. गाण्यांत कापूस, कागदावर वाघ. गुण कापावे आणि पुढचा संच घ्यावा.

येथेंच थोडें थांबावें. राळेगांव-पांढरकवडा भागांत टी-१ अथवा अवनी या नांवानें गाजलेली वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्यें मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूंशीं तिचा संबंध जोडण्यांत आला होता. त्या काळांत शेतावर जाणें ही जिवावरची गोष्ट होऊन बसली होती. तें भय ज्या घरांत अजून बोलण्यांत येतें, त्या घरांतल्या मुलांनीं गाण्याच्या तिसऱ्या कडव्यांत नाल्याच्या काठीं मान वळवून पाहणारी बाई घातली असेल, तर वाघ गाण्याबाहेरचा राहत नाहीं. तो आंतच आहे. फक्त दिसत नाहीं. चूक असलीच तर निराळी आहे. गाण्यांत भय आहे, वाघ नाहीं. मुलांनीं कागदावर वाघ आणला आणि भय गाळलें. शिवाय तो इंटरनेटवरून उतरवून घेतलेला, कुणाचा तरी, कुठला तरी. पऱ्हाटीच्या ओळींत वांकलेल्या चार बायका आणि चौघींचीं तोंडें एकाच दिशेस वळलेलीं, एवढेंच चित्र त्यांच्याच चित्रणांत सांपडलें असतें. परीक्षकानें हें त्यांना दाखवावें आणि भित्तिपत्रक पुन्हां करावयास चार दिवस द्यावेत. या कामीं एका बैठकींत निकाल लावून टाकण्याची घाई कशाला?

अर्थात् त्या कागदावर आजीचा चेहरा घ्यावयाचा तर तिला पुन्हां विचारावें लागेल. चित्रगीतांत दिसण्यास ती कबूल झाली, याचा अर्थ बाजाराच्या भिंतीवर चिकटण्यास कबूल झाली असा होत नाहीं. गाण्याच्या हक्काचेंही तसेंच. मुलांनीं गाणें स्वतः रचलें तर प्रश्न मिटला. परंतु चित्रपटांतलें गाणें उचललें, तर १९५७ च्या कायद्याप्रमाणें कवीच्या व संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षें हक्क चालूं राहतो हें त्यांना ठाऊक असावें. कोलामांच्या दंडारींतलें गीत घेतलें, तर वेष्टनावर 'पारंपरिक' एवढाच शब्द छापून भागवूं नये. कोणत्या पोडावर ऐकलें आणि कोणी म्हणून दाखविलें, तें त्यांच्या संमतीनें लिहावें. वेष्टनावरील बारीक अक्षरांना गुण देण्याची रीत नाहीं, पण ती पाडावयास हवी.

किती लोकांनीं पाहिलें, या आंकड्यावर परीक्षकानें नजरही टाकूं नये. ज्याचे नातलग पुष्कळ, त्याचा आंकडा मोठा. पांचांना मिळून एकच गुण देण्याची चालही बरी नव्हे. पडद्यावर दिसणारी मुलगी सर्वांच्या लक्षांत राहते. रात्रीं जागून तुकडे जोडणारा मुलगा कोणाच्याच राहत नाहीं. प्रत्येकाकडून आपण काय ठरविलें व काय बदललें याचें एक पान लिहून घ्यावें म्हणजे तो सांपडतो. मोबाईल कोणाचा होता, हें त्या पानावर विचारूं नये. त्याऐवजीं आजीला चित्रगीत दाखविलें काय, आणि ती काय म्हणाली, एवढें अवश्य विचारावें. दाखविलें नसेल, तर भित्तिपत्रकासाठीं दिलेल्या चार दिवसांतच तें उरकावें, आणि संध्याकाळीं जावें. वेचणीच्या दिवसांत ती दिवे लागल्याखेरीज घरीं सांपडत नाहीं.