अँटेनाला आकाश दिसते आहे ना?

गेल्या हिवाळ्यात एका मासेमारी ट्रॉलरच्या तांडेलांना आमच्या अपघात विभागात आणले. छातीत कळ आली तेव्हा बोट खोल समुद्रात होती. बोटीवर सॅटेलाइट फोन होता, अँटेनाही होती. पण ती पावसापाण्यात भिजू नये म्हणून केबिनच्या लोखंडी पत्र्याखाली बसवलेली. फोन लागलाच नाही. बोट बंदराला लागून रुग्ण आमच्यापर्यंत येईतो अकरा तास गेले. जीव वाचला, पण हृदयाचा मेलेला स्नायू परत येत नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांत सर्वाधिक उपयोगी पडते. बारा तासांनंतर त्याचा फारसा फायदा उरत नाही.

म्हणून एक डॉक्टर असूनही आज अँटेनाबद्दल लिहितो आहे.

इनमारसॅटसारख्या सेवेचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर एकाच जागी स्थिर दिसतात. आपल्या किनाऱ्यावरून ते दक्षिणेकडच्या आकाशात असतात. त्यांच्या लहरी सरळ रेषेत येतात आणि धातू त्यांना अडवतो. बोट वळली की डोलकाठी किंवा चिमणी मध्ये येऊ शकते. त्यामुळे अँटेना केबिनच्या छपरावर, चहूबाजूंनी आकाश मोकळे दिसेल अशा जागी हवी. ती भिजली तरी चालते. ती त्यासाठीच बनवलेली असते. भिजू द्यायचा नाही तो केबलचा जोड. खारे पाणी शिरले की तांबे हिरवे पडते आणि आवाज तुटू लागतो. जोडावर जलरोधक रबरी टेप घट्ट गुंडाळा. केबल गरजेपुरतीच लांब ठेवा. जितकी लांब, तितका सिग्नल क्षीण. अँटेना रडारच्या झोतात नको आणि माणसांच्या डोक्यापेक्षा उंच हवी. या लहरींनी क्ष-किरणांसारखी इजा होत नाही, पण अगदी जवळ त्या शरीराला ऊब देतात. म्हणून अंतर राखलेले बरे.

बाहेर अशी अँटेना असली की फोन केबिनमध्ये, रुग्णाच्या उशाशी बसून करता येतो. डॉक्टर विचारतील ते तिथेच पाहून सांगता येते: घाम आहे का, श्वास कसा आहे, दुखणे कधी सुरू झाले. त्यांनी सांगितले तर अ‍ॅस्पिरिनची गोळी चावून देता येते. आवाज वर जाऊन खाली यायला सुमारे पाव सेकंद लागतो; बोलून झाले की क्षणभर थांबा, नाहीतर दोघांचे बोलणे एकमेकांत मिसळते.

दोन गोष्टी आधीच करून ठेवा. परवानगी घ्या: आपल्या देशात परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन वापरता येत नाही आणि परदेशातून आणलेला संच वापरला तर कारवाई होते. आणि तटरक्षक दलाच्या बचाव केंद्राचा पूर्ण क्रमांक देशाच्या कोडसह फोनमध्ये साठवा. मोबाइलवरून लागणारा 1554 सॅटेलाइट फोनवरून लागेलच, असे धरून चालू नका.

दर फेरीला बंदर सोडताना बोट एकदा गोल फिरवा आणि त्या वेळी घरी फोन लावा. आवाज कुठेही तुटला नाही, तरच पुढे जा. आमचे तांडेल आता बोटीवर जात नाहीत. पण त्यांचा मुलगा जातो, आणि निघताना तो आधी अँटेना पाहतो, मग जाळे.