नंबर वाढला, आता जायचं कुठे?

मागच्या बाकावरून फळा धूसर दिसतोय, संध्याकाळी डोकं ठणकतंय. चष्म्याचा नंबर वाढलाय हे तुम्हालाही कळतंय. पण मेसचे पैसे भरायचेत, म्हणून 'पुढच्या महिन्यात बघू' चाललंय. बरोबर ना? मग कधीतरी मनात येतं, घरी सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड आहे, त्यावर नाही का भागणार?

सरळ उत्तर असं, की चष्मा नाही, पण मोठं ऑपरेशन लागलं तर भागू शकतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. नंबर काढणं, फ्रेम, काचा हा ओपीडीचा खर्च, तो यात बसत नाही. शाळेत असताना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येऊन डोळे तपासायचं, आठवतंय? तो कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच. कॉलेजात आल्यावर आपलं आपण बघायचं.

मग स्वस्तात तपासणी कुठे? ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मुंबईचं जे. जे., पुण्याचं ससून ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, त्यांचा विभाग वेगळा. तिथे केसपेपरचे थोडे पैसे पडतात, पण खासगीच्या मानाने किरकोळच.

सकाळी लवकर जा आणि जुना चष्मा सोबत न्या. डोळ्यांत औषध घालून बाहुली मोठी केली तर पुढचे काही तास जवळचं धूसर दिसतं. तेव्हा गाडी चालवायची नाही, आणि पेपरच्या आदल्या दिवशी तर जाऊच नका. नंबर कागदावर लिहून घ्या. तो कागद हातात असला की चार दुकानांत भाव विचारता येतो.

आता महत्त्वाचं. तुमचा मायनस नंबर मोठा आहे? मग डोळ्यांचा पडदा सरकण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. अचानक वीज चमकल्यासारखं दिसणं, काळे ठिपके एकदम वाढणं, एका बाजूने पडदा ओढल्यासारखं होणं, ही त्याची लक्षणं. अशा वेळी चष्म्याच्या दुकानात जाऊ नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा, कारण उशीर झाला तर गेलेली नजर परत येईलच असं नाही.

आणि इथेच ते कार्ड कामाला येतं. ऑपरेशन सांगितलं तर योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' असतो, त्याला भेटा. तुमचं ऑपरेशन योजनेत बसतं का, कागद कोणते लागतील, हे तो सांगेल. रेशनकार्ड लातूरचं आणि हॉस्टेल पुण्यात, तरी हरकत नाही. योजना राज्यभर चालते. जवळचं रुग्णालय विचारायला १५५३८८ हा हेल्पलाइन नंबर आहे.

फक्त एक काम आजच उरका. रात्री घरी फोन कराल तेव्हा विचारा, "आई, रेशनकार्डावर माझं नाव आहे ना गं?" असेल तर त्याचा फोटो मागवून मोबाइलमध्ये ठेवा. नसेल तर पुढच्या सुट्टीत पहिली चक्कर तहसील कचेरीत.