धोतऱ्याची नशा

धोतरा कुणाला ठाऊक नाही? उकिरड्यावर, ओढ्याकाठी, पडक्या वाड्यात तो आपोआप उगवतो. फुले कर्ण्यासारखी, बोंडे काटेरी. आपण ती महादेवाला वाहतो. पण काही माणसे त्याचे बी गांजात मिसळून चिलीम ओढतात. कुणी भांगेत वाटून घालतात. का, तर नशा जोरात चढावी!

ही नशा दारूसारखी नव्हे. आपला मेंदू अंगभर निरोप धाडतो. त्यासाठी शरीर एक रस तयार करते. डॉक्टर त्याला ॲसिटिलकोलीन म्हणतात. धोतऱ्याचे विष या रसाची वाट अडवते. मग तोंडाला कोरड पडते. घाम येत नाही, म्हणून अंग तव्यासारखे तापते. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, उजेड सोसत नाही. छाती धडधडते, लघवी तुंबते. आणि माणसाला नसलेले दिसू लागते. तो भिंतीशी बोलतो, हवेतले धागे वेचतो, अंगावरचे कपडे ओढतो. समोर विहीर आहे, हेसुद्धा त्याला कळत नाही. शुद्धीवर आल्यावर विचारा, त्याला यातले फारसे काही आठवत नाही. मग मजा ती कसली?

"मागे घेतला, काय झालं?" असे म्हणून माणूस पुन्हा घेतो. इथेच घात होतो. एका झाडाच्या बियांत विष कमी, दुसऱ्याच्या बियांत जास्त. मागचा अंदाज या खेपेला चालत नाही. वरचेवर घेणाऱ्याचे तोंड सुकून दात किडतात. शौचाला साफ होत नाही. जवळचे अक्षर पुसट दिसते. ध्यानात ठेवण्यासाठीही मेंदूला तोच रस लागतो, त्यामुळे सांगितलेले विसरायला होते. सोबतचा गांजा निराळाच. कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्या काहींना कायमचे भास जडतात.

तुम्ही म्हणाल, धोतरा औषधी आहे. खरे आहे. त्यातले ॲट्रोपीन डॉक्टर देतात. काही फवारणीची विषे अंगात भिनली, तर त्याच सुईने जीव वाचतो. पण ती मोजून, नाडी पाहून देतात. मुठीने नव्हे.

पोरांनी खेळताना बी खाल्ले, तरी हेच होते. अशा वेळी ताक, लिंबू पाजत बसू नका. ओकारी काढू नका. ओल्या फडक्याने अंग पुसा, माणसाला एकटे सोडू नका. 108 ला फोन करा. उरलेले बी किंवा बोंड पुडीत बांधून बरोबर न्या, म्हणजे काय खाल्ले ते डॉक्टरला लगेच कळेल.